टिल्डाला कोण सांभाळणार

बुधवार, १२ सप्टेंबर २०१८

दिला अर्ज! नोव्हेंबरच्या मध्यापासून फक्त शनिवार-रविवार कामावर येईन. त्या दोन दिवसांची ड्यूटी कुणालाच नको असते, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत. कारणाच्या रकान्यात लिहिलं — 'नातीला सांभाळण्यासाठी.' लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आलंय.

एच.आर.ची फेलिसिटी दर बुधवारी लॉन्सेस्टनहून कारखान्यात येते. तिने कागद घेतला. "अय्या ग्लेनिस! नशीबवान आहे तुमची नात."

"नशीबवान कसली! केरिन कामावर परत गेली की सगळं मीच बघणार. माझ्याशिवाय आहे कोण त्यांना?"

जरा जास्तच बोलले. पण बरं वाटलं बोलून.

लेक-जावयाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी जाईन तेव्हा सांगेन. केरिनचा चेहरा बघायचाय.

अल्बी वारला, घरात मी एकटी उरले, त्याला दोन वर्षं पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा पुढच्या महिन्यांचं काहीतरी मनात आलं. एरवी आजचा दिवस संपला की बास.

रविवार, १६ सप्टेंबर

सांगायचं राहून गेलं.

मी घरी भाजलेल्या स्कोनचा डबा घेऊन आत शिरते न शिरते तोच केरिनने दारातच मिठी मारली. "आई, मिळाला!" अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांचा तो वरचा कोर्स, ती स्वतः त्यांच्यातलीच. अतिगंभीर रुग्णांचा. सबंध बेटावरून सहाच जण घेतात. १९ नोव्हेंबरला सुरू. आत्ता सोडला तर दोन वर्षं परत संधी नाही. कोर्स सुरू होईल तेव्हा टिल्डा चार महिन्यांची असेल.

मी म्हणणारच होते — अगं, मग मी आहे ना! तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "टिल्डाचं आम्ही ठरवलंय. ब्रोडी बघतोय सगळं."

काय बघतोय? पाळणाघर? आमच्या गावात एकच पाळणाघर, आणि त्याची यादी बंदरापर्यंत जाईल. मी विचारलं नाही. ब्रोडी टिल्डाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत उभा होता, माझ्याकडे न बघता. जावई चांगला आहे माझा, पण काही लपवायचं असलं की कान लाल होतात. आज लाल होते.

गोंधळले. स्कोन सगळे संपले, एवढं खरं.

बुधवार, १९ सप्टेंबर

कळलं. आणि कळूनही कळत नाहीये.

मी ड्यूटीचा तक्ता मांडत बसले होते. एकोणीस वर्षं या भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात हेच करतेय, कोण बटाट्यावर, कोण मटारावर, कोण गोठवण्याच्या बोगद्यावर. नेव्ह आला. आमचा फोरमन. दाराला टेकून उभा राहिला की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

"ग्लेन, तुझ्या जावयाचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"का? काय केलं?"

"बारा आठवड्यांची पगारी रजा मागितलीय. बाळासाठी! एकोणीस नोव्हेंबरपासून. म्हणजे मटाराचा अख्खा हंगाम! मटार काय त्याच्या पोरीला दात येईपर्यंत थांबणार आहे शेतात?"

इथे मटारात कुणी रजा घेत नाही. लग्नंसुद्धा फेब्रुवारीत करतात. बाळंतपणं कुणाच्या हातात नसतात, पण तीही लोक जपून ठरवतात, खोटं नाही! आणि ब्रोडी बोगद्यावर. त्या जागेवर उभं राहता येणारी चारच माणसं आहेत.

"पुरुषाला मिळते ती रजा?"

"पुस्तकात आहे म्हणे. मुख्य सांभाळणारा जो असेल त्याला. घेतली नाही कधी कुणी."

चहाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे झालं होतं. आमच्यातला टवाळखोर वॉझा टेबलावर चमचा वाजवून ओरडला, "ऐकलंत का, ब्रोडीला पान्हा फुटलाय!" सगळे हसले.

मीही हसले. हे लिहायला नको होतं, पण लिहिते. मीही हसले.

गुरुवार, २० सप्टेंबर

म्हणजे मी नकोय त्यांना. असंच ना?

रविवार, २३ सप्टेंबर

आज गेले नाही त्यांच्याकडे. सर्दीचं निमित्त सांगितलं.

रजेच्या नियमांचं पुस्तक घरी आणलंय. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, तेव्हापासून जे शिकले ते वाचनालयाच्या कपाटातून. कुठलंही पुस्तक असो, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची सवय. हे पुस्तक आधी कधी उघडलं नव्हतं. मला काय गरज होती?

मुख्य सांभाळणारी व्यक्ती — बारा आठवडे. दुय्यम सांभाळणारी व्यक्ती — दोन आठवडे. 'दुय्यम' काढला शब्दकोशात. अर्थ ठाऊक होता, तरी काढला. एका आईबापांतला एक मुख्य आणि एक दुय्यम! हे कुणी ठरवलं असेल? कुठल्या तरी उंच इमारतीत, मोठ्या टेबलाशी बसून. त्या टेबलावर एखादं बाळ ठेवलं असतं तर किती वेळ चालली असती ती बैठक?

आणि आजी? आजी कुठे आहे यात? शोधलं. शेवटून दुसऱ्या पानावर सापडली, बारीक अक्षरात. 'कामाच्या दिवसांत बाळाची नित्य देखभाल घरातील वा नात्यातील अन्य व्यक्ती करणार असल्यास कर्मचारी मुख्य सांभाळणारा मानला जाणार नाही.'

अन्य व्यक्ती.

चारदा वाचलं. मग मी अर्जात काय लिहिलंय ते आठवलं.

बुधवार, २६ सप्टेंबर

व्हायचं तेच झालं.

अकरा वाजता फेलिसिटीने ब्रोडीला आत बोलावलं. वीस मिनिटं. माझ्या काचेतून तिचं दार दिसतं. तो बाहेर आला तो सरळ माझ्या खिडकीपाशी. डोक्याची जाळीसुद्धा काढली नव्हती. चेहरा पांढरा.

"ग्लेन, तुम्ही लिहून दिलंत? की टिल्डाला तुम्ही सांभाळणार?"

"हो. तुम्हाला सांगणार होते… गंमत म्हणून ठेवलं होतं."

"मी फॉर्मवर लिहिलंय, सांभाळणारं दुसरं कुणी नाही. सही केलीय खाली. आता त्या म्हणतात दोन कागद जुळत नाहीत. म्हणजे मी खोटं लिहिलं. रजा तर अडलीच, वर लेखी ताकीदही मिळू शकते."

मला म्हणायचं होतं, अरे मग मी सांभाळते की! रजा कशाला हवी? केरिनचा कोर्स वाचेल, नेव्हचा मटार वाचेल, ताकीद टळेल. इतकं सोपं आहे! पण त्याच्याकडे बघितलं. काहीतरी हातातून काढून घेतल्यासारखा उभा होता तो. रजेसाठी माणूस असा होतो का? मी तर रजा मिळाली नाही म्हणून रडणारी माणसं रोज बघते. ती वेगळी दिसतात.

"मला का सांगितलं नाहीस?" एवढंच म्हणाले.

"तुम्ही ड्यूट्या लावता, ग्लेन. तुम्हाला सांगणं म्हणजे नेव्हला सांगणं. आधी फॉर्म जाऊ दे म्हटलं." मग हळूच, "आणि तुम्ही हसाल असं वाटलं."

गुरुवार, २७ सप्टेंबर

केरिनचा फोन. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते, कारण उद्या मी माझ्या बाजूने फिरवीन.

"आई, विचारायचं तरी आम्हाला!"

"तुम्ही विचारलंत मला? आई मोकळी बसलीय, तिला विचारावं, असं आलं मनात?"

"आलं. आणि मग ठरवलं, नको."

"का? मी तुला वाढवली नाही? एकटीने! मला कुणी फॉर्म दिला नव्हता, पुस्तक दिलं नव्हतं—"

"तेच ना, आई. एकटीने. बाबा कुठे होते?"

"बॉयलरवर! तुझ्या तोंडात घास पडावा म्हणून!"

"मला ठाऊक आहे. बाबांवर माझा राग नाही. पण बाबा आपल्या घरी पाहुण्यासारखे यायचे. आपण दोघी नीट बसायचो, आवाज कमी करायचो. ब्रोडीला पाहुणा नाही व्हायचं. त्याला रजा नकोय गं, टिल्डा हवीय."

"आणि मला?"

मग म्हणाली, "रजा नाकारली तर मी कोर्स सोडणार आहे. तुझ्यावर चिडून नाही. पण सोडणार." फोन ठेवला.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

अल्बी पाहुणा नव्हता.

मंगळवार, २ ऑक्टोबर

पाच दिवस तेच एक वाक्य घोळतंय डोक्यात. नव्हता, नव्हता. मग मीच विचारते, मग कोण होता?

रात्रपाळी करून यायचा आणि दिवसा झोपायचा. मी केरिनला बाबागाडीत घालून बाहेर काढायची, घर शांत राहावं म्हणून. या गावाचा वारा कसला, समुद्रावरून सरळ कानात शिरतो. तरी तास-तास फिरवायची. तो उठला की चहा, गरम जेवण, वर्तमानपत्र. कुणी शिकवलं होतं मला हे? कुणीच नाही. सगळ्याच बायका करायच्या. तो 'कर' म्हणाला नव्हता कधी. आज पहिल्यांदा लक्षात येतंय, तो 'करू नकोस' असंही म्हणाला नव्हता, आणि मी त्याला 'तू घे तिला' असंही म्हटलं नव्हतं. एकदासुद्धा.

मग सँडविचची गोष्ट आठवली.

केरिन चार वर्षांची होती. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन. अल्बीने पाच दिवस रजा घेतली, तेवढीच त्याच्या आयुष्यातली. पहिल्याच दुपारी त्याने सँडविच चौकोनी कापलं. आमच्याकडे त्रिकोणी कापायचे! केरिनने टाहो फोडला. त्याला कळेना काय चुकलं. त्याने जॅम बदलला, बशी बदलली, पाव बदलला. पोरगी आणखीनच रडतेय. ही गोष्ट त्याने पुढे वीस वर्षं सगळ्यांना हसवत सांगितली. नाताळात, क्रिकेट बघताना, केरिनच्या लग्नातसुद्धा. बशी कशी बदलली ते हातवारे करून दाखवायचा. सगळे पोट धरून हसायचे.

पण पहिल्यांदा सांगितली ती मला. इस्पितळात, खाटेच्या कडेला बसून. तेव्हा हसत नव्हता. टोपी हातात फिरवत म्हणाला होता, "ग्लेन, तिला काय हवं होतं ते मला माहीतच नव्हतं. शेजारणीने येऊन सांगितलं. शेजारणीला माहीत होतं गं."

मी काय म्हणाले होते? म्हणाले, "अरे, एवढं काय त्यात. आता घरी येतेच आहे मी."

बुधवार, ३ ऑक्टोबर

फेलिसिटीकडे गेले. विचारलं, "माझा अर्ज मागे घेतला तर?"

तिने डोळे चोळले. वाईट मुलगी नाही ती. "ग्लेनिस, कागद मागे घेता येतो. पण तुम्ही तोंडाने जे बोललात ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. वर कुणी विचारलं तर मी खोटं बोलू?"

"नको. मग काय करायचं?"

"लेखी द्या. साधं पत्र नाही, प्रतिज्ञापत्र. साक्षीदारासमोर सही. की या बारा आठवड्यांत कामाच्या दिवशी बाळाचा सांभाळ तुम्ही करणार नाही. पुढच्या बुधवारपर्यंत मिळालं तर ब्रोडीचं प्रकरण मी तिथेच बंद करीन."

"आणि मी न सांभाळता तिला बघायला गेले तर? दुपारी चहाला?"

तिने पुस्तक उघडलं. बराच वेळ चाळलं. मिटलं. "हे यात नाही," म्हणाली.

शनिवार, ६ ऑक्टोबर

लिहायला बसले. एक वाक्य लिहायचंय फक्त.

'मी माझ्या नातीला सांभाळणार नाही.' हे कसं दिसतं कागदावर! कुणी परक्याने वाचलं तर काय म्हणेल? कसली ही बाई?

'मी सांभाळू शकणार नाही.' हे खोटं आहे. मी ठणठणीत आहे.

'माझी गरज नाही.' हे खरं असेल, पण हे मी नाही लिहिणार. कुणाच्या बापाला लिहून देणार नाही!

कुणासाठी करतेय हे? ब्रोडीसाठी? केरिनच्या कोर्ससाठी? की त्या टोपी फिरवणाऱ्या माणसासाठी, ज्याला आता रजा मिळूनही उपयोग नाही? कळत नाही. आणि एक मन अजून म्हणतंय, न लिहून बघ ना. रजा जाईल, कोर्स जाईल, आणि मग सोमवारी सकाळी कोण लागेल त्यांना? तूच! हे मन माझंच आहे. लाज वाटते, पण माझंच आहे.

पहिलंच वाक्य ठेवलं शेवटी. 'कामाच्या दिवशी' आणि 'बारा आठवडे' घातलं मध्ये. तेवढंच टेकायला.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

सही झाली. औषधाच्या दुकानात! इथे साक्षीदार म्हणून औषधवाला चालतो. मिस्टर ट्रान. अल्बीच्या सगळ्या गोळ्या त्यांनीच दिल्या शेवटपर्यंत. माझ्यामागे रांग होती, अर्धं गाव खोकत होतं.

ट्राननी चष्मा वर करून कागद वाचला. मग परत वाचला. माझ्याकडे बघितलं.

"ग्लेनिस, यातला मजकूर खरा आहे असं तुम्ही जाहीर करता?"

काय सांगू?

"हो म्हणायचं असतं इथे," ते हळूच म्हणाले.

"खरा आहे की नाही हे अजून व्हायचंय ना, मिस्टर ट्रान. नोव्हेंबरात कळेल."

"मग तसा तुमचा इरादा आहे का?"

"इरादा…" मागे कुणीतरी जोरात शिंकलं. "आहे. इरादा आहे."

"मग करा सही. पेन घट्ट धरा, त्याची शाई सुटते."

सही केली. त्यांनी शिक्का मारला. पैसे घेतले नाहीत. खोकल्याच्या दोन गोळ्या हातात ठेवल्या. मला खोकला नाहीये.

बुधवार, १७ ऑक्टोबर

मंजूर. बारा आठवडे. ताकीद नाही.

वॉझाने ब्रोडीच्या खुंटीवर लाळेरं अडकवून ठेवलं होतं, बदकांचं चित्र असलेलं. सगळे टपून बसले, आता काय करतो. ब्रोडीने ते काढलं, गळ्यात बांधलं, आणि चहाच्या सुट्टीत ते घालूनच आपला पाव खाल्ला. शेवटी वॉझालाच सांगितलं, "मागे गाठ जरा सैल कर रे, गळ्याला लागतेय." वॉझाने केली! कुणाला हसावं कळेना.

जाताना माझ्या खिडकीपाशी थांबला. "ग्लेन, फेलिसिटीने कागद दाखवला मला."

"मग?"

"काही नाही." कान लाल. "थँक यू म्हणायचं होतं, पण ते पुरत नाही."

मी म्हटलं, "जा, बोगदा तुंबेल."

नेव्ह मात्र दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. त्या जागेवर कुणाला लावू? तक्त्यात बारा आठवड्यांचं भोक पडलंय, आणि ते मीच पाडलंय.

सोमवार, १९ नोव्हेंबर

आज पहिला दिवस. केरिन गेली असेल. मी ड्यूटीवर, शनिवार-रविवारचा तो अर्ज मागेच घेतला होता. मटारही आजच सुरू झाला, ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेत. वॉझाला बोगद्यावर लावलंय. शिव्या घालतोय, पण करतोय.

फोन केला नाही. दोनदा उचलला. नाही केला.

रविवार, २५ नोव्हेंबर

गेले होते. रविवार कामाचा दिवस नाही त्यांच्याकडे. मी विचार करून गेले होते!

फ्रिजवर तक्ता लावलाय त्याने. दूध किती वाजता, झोप किती वाजता, शी कसली. माझ्या ड्यूटीच्या तक्त्यासारखाच, तीन रंगांत. मी हसले तर म्हणाला, "तुमच्याकडूनच चोरलाय."

केरिनने टिल्डाला माझ्या हातात दिलं. मी जरा मागे सरले. विचारलं, "चालेल ना? सही केलीय मी."

केरिन आधी हसायला लागली. मग थांबली. माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "आई, मांडीवर घेणं म्हणजे सांभाळणं नव्हे." आणि थोड्या वेळाने, "मी त्या दिवशी बाबांबद्दल बोलले ना—"

"राहू दे."

"नाही, पण—"

"राहू दे, केरिन. खरं होतं. सगळं नव्हतं खरं, पण होतं."

टिल्डा माझ्याकडे टकामका बघत होती. मग ब्रोडीचा आवाज आला स्वयंपाकघरातून, नुसतं 'चमचा कुठे गेला' असं काहीतरी. तिने मान वळवली आणि हसली. त्या आवाजाला! सहाच दिवसांत.

मला आनंद झाला का? झाला असावा. जे झालं त्याला काय म्हणतात ते ठाऊक नाही.

सोमवार, ३ डिसेंबर

मटार, मटार, मटार. घरी आल्यावरही हाताला हिरवा वास. वाचन बंद.

रविवार, ९ डिसेंबर

केरिन कोर्सच्या दहा दिवसांसाठी होबार्टला. ब्रोडीला फोनवर विचारलं, कसं चाललंय? "ठीक." टिल्डा? "ठीक आहे." जेवलास? "ठीक."

तीन वेळा ठीक. मागे ती रडत होती. मी म्हटलं, "येऊ का?" तो म्हणाला, "नको, नको. तुम्ही सही केलीय." चेष्टेतच म्हणाला. पण हसला नाही.

मंगळवार, ११ डिसेंबर

आज माझी सुट्टी. न सांगता गेले. ब्रोडी मागच्या पायरीवर बसला होता, अनवाणी, चुरगळलेल्या शर्टात. आत टिल्डा रडत होती.

मला बघून ताडकन उठला. "पाळण्यात नीट ठेवलंय तिला, ग्लेन. दूध झालंय, लंगोट बदललाय. पाचच मिनिटं बाहेर आलोय. पाचच. केरिनला सांगू नका."

मी आत गेले नाही. त्याला खाली बसवलं आणि शेजारी बसले.

म्हटलं, "केरिन नऊ आठवड्यांची होती. मी तिला पाळण्यात ठेवलं, दार लावलं आणि दीपगृहापर्यंत चालत गेले. परत यायचं की नाही, ते तिथे पोचेपर्यंत ठरलेलं नव्हतं."

हे अल्बीला कधी सांगितलं नाही. वहीतही नाही. घरी येऊन केरिनच्या जन्माच्या वर्षीची जुनी वही काढली. त्या दिवशी मी लिहिलंय: 'वारा चांगला होता. कपडे लवकर वाळले.'